आखाजीचं इंजिन

“बाई, तुन्ही हळद काढ, मिरची काढ, धना काढ, आनि तो डबा माले दे.”

“डबा इकाना नही शे. हळद इकानी शे.”

अक्कलकुव्याचा बाजार ऐन भरात होता आणि नंदुरबारच्या कापसाच्या जिनातला दोधू फिटर कमलीबाईच्या पालासमोर उकिडवा बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत होता. कमलीबाईपुढे लोखंडाचा एक काळा ठोकळा होता. त्याला चार गोल, खोल विहिरी. एकीत हळद, दुसरीत तिखट, तिसरीत धणे, चौथीत सुंठ. बाकीच्या मसालेवाल्या टोपल्यांत माल मांडत. असा थाट एकट्या कमलीबाईचा.

“डबा नही व बाई तो. मोटरनं इंजिन शे. त्या भोकेसमा पिस्टन पयतस.”

“मंग पयू दे ना. मन्ही हळद कोठे आडी येस?”

आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दोधू चिडला नाही. त्याने पिशवीत हात घातला आणि जिनातल्या सुताराकडून करून आणलेला सागवानी डबा बाहेर काढला. चार कप्पे, वर सरकतं झाकण, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. कमलीबाईने डब्याचा वास घेतला, बोटाने ठोकून पाहिला, शेवटी त्यावर बसूनही पाहिलं. डबा करकरला नाही तेव्हा ती हळद उपसायला लागली.

तो ठोकळा आपण एकट्याने खांद्यावर घेतला आणि वाटेत कुठेही खाली न ठेवता नंदुरबारपर्यंत चालत आणला, असं दोधू पुढे जन्मभर सांगत असे. खरं म्हणजे ठोकळा कापसाच्या गाडीत बसून आला आणि दोधू ठोकळ्यावर बसून आला. पण सांगताना त्याच्या खांद्याला खरोखरच कळ येई, आणि ऐकणारा त्याला पाणी देई.

आता जिनातल्या फिटरला मोटरीच्या इंजिनाचं एवढं वेड कशासाठी, ते सांगायला हवं.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते. दिवाळीला गेली नाही तरी चालतं; आखाजीला नाही गेली तर गल्ली विचारते. पण ती आपली आपण उठून जात नाही. माहेराहून मुऱ्हाळी यावा लागतो, भाऊ नाहीतर भाच्यापुतण्यापैकी कुणी. गाडीला झूल घालून तो दारात उभा राहतो, पाणी पितो, आणि बहिणीला मानाने घेऊन जातो. दोधूची बायको जमनाबाई ब्राह्मणपुरीची, तापीच्या पलीकडची. तिला भाऊ एकच, नवल. आणि तो मुऱ्हाळी असा, की त्याच्यासारखा साऱ्या तालुक्यात कुणाला नव्हता. नवल गावच्या पाटलाच्या मोटरीवर ड्रायव्हर होता. बाकीच्या बायांचे भाऊ धुरळ्याने पांढरे होऊन बैलगाडीतून उतरत; जमनाचा भाऊ धुरळा मागे टाकत मोटरीतून उतरे. त्या काळी मोटर म्हणजे काय, ते आज सांगून पटणार नाही. गल्लीत मोटर वळली की म्हाताऱ्या चाकांवर पाणी घालत. कुणी रेडिएटरला हळदकुंकू लावी. नवल दोधूला म्हणे, “दाजी, आते तुमी हारन वाजाडा,” आणि दोधू रबरी फुगा असा दाबी, की घरात कणीक मळणारी जमना पिठाच्या हातांनी बाहेर येई. हात धुवायचं तिला सुचत नसे. ते पीठ मोटरीच्या दाराला लागे आणि नवल ते शेवटपर्यंत पुसत नसे.

मग मोठी लढाई लागली. सरकारला ड्रायव्हर हवे होते. नवल समुद्रापार, इराकातल्या बसऱ्याला गेला. जाताना बहिणीला म्हणाला, “आखाजीले येस, तयार ऱ्हाय.” कुठल्या वर्षीच्या आखाजीला, ते म्हणाला नाही. लढाई संपली, गेलेले परत आले, नवल आला नाही. कुणी म्हणे तापाने गेला, कुणी म्हणे तिकडेच एका बाईशी घर केलं. सांगणारे बरेच होते, पाहिलेला एकही नाही.

पाटलाची मोटर गोठ्यात उभी राहिली. चालवणारं कुणी नाही म्हणून पाटलाने तिचं इंजिन एका भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याने ते उकललं आणि बाजाराबाजारातून तुकड्यातुकड्याने विकलं. उरलेल्या सांगाड्यात कोंबड्या राहू लागल्या.

तेव्हापासून आखाजी आली, की नंदुरबारच्या त्यांच्या गल्लीत झोके बांधले जात, आलेल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत, आणि जमनाबाई दिवसाढवळ्या दार लोटून आत बसे. पहिल्या वर्षी दोधू म्हणाला, “चाल, मी पोचाडी देस.” ती म्हणाली, “मुऱ्हाई नसताना? मी काय टाकेल बाई शे?” दुसऱ्या वर्षी त्याने विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याने ठरवलं, नवल आणता येत नसेल तर निदान नवलची मोटर आणायची. ती मोटर हॉर्न वाजवत दारात उभी राहिली, की जमना पिठाच्या हातांनी बाहेर येणारच. एवढं सोपं होतं.

जिन चालायचं ते कपाशीच्या हंगामात. हंगाम सरला की फिटरला काम नसे. मग दोधू पिशवी खांद्याला लावून बाजार हिंडू लागला. शहाद्याच्या न्हाव्याची साबणाची वाटी म्हणजे पिस्टन निघाला. ब्राह्मणपुरीच्या नानीबाई ज्यात सुपारी कुटत तो खल म्हणजे दुसरा. तिसरा एका देवळाबाहेर धुपाटणं होऊन बसला होता. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो सापडला तळोद्याच्या एका वैदूकडे. हाताला मुंग्या येणाऱ्या रोग्याच्या बोटांत तो दोन तारा देई आणि दांडा फिरवी. रोगी उडून उभा राही आणि मुंग्या आपल्या वाटेने जात. दोधूनेही आधी झटका घेऊन पाहिला. मॅग्नेटो चांगला आहे, हे त्याला दातांपर्यंत कळलं.

क्रँकसाठी मात्र सातपुड्यात चढावं लागलं. वीरसिंगच्या पाड्यावर तो वेडावाकडा दांडा गुरांच्या वाड्याला अडसर म्हणून लावलेला होता.

“नही देवाव,” वीरसिंग म्हणाला. “तो दांडा लावा तवयपासून बिबट्या येस, त्याले देखस आनि इचार करत निंघी जास.”

“मी तुले सरळ दांडा देस. नवा.”

“सरळ दांडाले बिबट्या काय इचार करी?” वीरसिंगने विडी पेटवली. “तुले कसाले जोयजे?”

“मोटर करनी शे. बायकोना करता.”

“बायको आनाले मोटर? मन्हा दोन पाय शेतस, मी तेवढ्यावरच आनी.”

“आनाले नही, भो. माहेरले धाडाले.”

वीरसिंग विडी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. “धाडाले तं पाय बी नको. एक भांडन पुरे.”

पण सगळी हकीकत ऐकल्यावर त्याने आपण होऊन अडसर उपसला. बहिणीला न्यायला येतो म्हणालेला भाऊ परत येत नाही, ही गोष्ट त्याला बिबट्यापेक्षा मोठी वाटली. बदल्यात सरळ दांडा घेतला आणि तो दोधूकडूनच मध्ये वाकवून घेतला.

राहिला चौथा पिस्टन. तो विसरवाडीला रूपचंदच्या दुकानात तेल मोजत होता. रूपचंद किराणाचा जुना दुकानदार. पिस्टनच्या बाजूची भोकं त्याने बुजवली होती आणि आसपासची सारी गावं त्या मापावर तेल नेत होती. दोधू म्हणाला, हे मला दे. रूपचंद म्हणाला, गिऱ्हाइकांचा या मापावर विश्वास आहे. दोधूने बदल्यात नवं पितळी माप पुढे केलं. रूपचंदने ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम पडला, जणू ते खूप मोठं होतं. तेवढ्यात समोरच्या पानवाल्याने सहज सांगितलं, की मापं तपासणारा साहेब नवापुरास आलाय आणि उद्या इकडे येतोय. रूपचंदने तो पिस्टन दोन्ही हातांनी दोधूच्या पिशवीत घातला.

“लई जाय, दोधूभाऊ. बहीनना काम शे. मी काय माप धरी बसू का?”

आपण विसरवाडीचा वाणी वळवला म्हणून दोधूची छाती फुगली. चारही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन लंगडतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बाकीचे तीन त्याने पिशवीतून बरोबर आणले होते; तिथेच रूपचंदच्या काट्यावर त्याने ते सारे एकमेकांसमोर ठेवून पाहिले. काटा मधोमध. चारही जुळे भाऊ असल्यासारखे सारखे. वेगवेगळ्या गावांतून आलेले चार पिस्टन रतीभर फरक न पडता जुळले, याला दोधूने देवाचा हात मानलं. त्या काट्यावर आजवर कुणाचाच माल वेगळ्या वजनाचा भरला नव्हता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

घरात लोखंडाचा ढीग वाढत गेला तसा जमनाबाईच्या तोंडाचा पट्टा वाढत गेला.

“पाय ठेवाले जागा नही ऱ्हायनी. हाई काय शे?”

“हाऊ तुन्हा भाऊना मोटरना क्रँक शे.”

“आनि पानीना हंडामा काय टाकं?”

“इंजिनना वाल गंज सोडी ऱ्हायनात.”

“तुमले बी टाकू का एक रात?”

बोलता बोलता तिने एक पिस्टन उचलला. पदराने पुसला, उलटा केला, पुन्हा पुसला. मग होता तिथे ठेवून दिला, थोडा भिंतीकडे सरकवून, कुणाचा पाय लागू नये असा. दोधूला वाटलं, आता सांगावं. त्याने सांगितलं. सगळं.

जमनाने हंड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, “मुऱ्हाई माहेरथीन येस. सासरना आंगनमातून निंघत नही.”

झालं. दोधू मिशी चावत बसला. मोटर इथे उभी करून इथेच हॉर्न वाजवणार, हे त्याला किती दिवस बरोबर वाटत होतं. आणि त्या एका वाक्यात तिने नाही म्हटलं नव्हतं, हेही त्याला उशिराच उमजलं. मग तो पोरासारखा उठला. सारे तुकडे गोणपाटात बांधले, भाड्याच्या गाडीत भरले, आणि आखाजी तोंडावर आली असताना तापी ओलांडून ब्राह्मणपुरीला गेला. इंजिन माहेरी बांधायचं, माहेराहून निघायचं, आणि मुऱ्हाळी म्हणून आपल्याच दारात येऊन उभं राहायचं.

पाटील म्हणाला, “सांगाडा खुशाल लई जाय. कोंबड्यासले तेवढा इचार.” कोंबड्यांनी मागची गादी सोडली नाही, म्हणून दोधूने पुढून काम सुरू केलं. गोठ्याबाहेर गाव जमलं. इंजिन कसं जोडावं याबद्दल गावात जितकी माणसं तितकी मतं होती, त्यामुळे काम अंमळ लांबलं. पांढऱ्या धातूची बेअरिंगं त्याने सोनाराच्या मुशीत वितळवून ओतली. रिंगा कुठल्या मापाच्या, वाल कुठल्या मोटरीचे, काही विचारू नका. जे बसलं ते त्याचं, जे बसलं नाही ते कानशीने घासून त्याचं. रूपचंदकडच्या पिस्टनची भोकं मोकळी करून त्याने पिन ठोकली. आतला तळ काळा, चकचकीत होता. जळल्या तेलाची खिपली असेल म्हणून त्याने ती तशीच सोडली. वजन जुळलं होतं ना, मग उगाच खरवडून का बिघडवायचं.

आखाजीच्या आदल्या सकाळी त्याने हँडल मारलं. इंजिन आधी खोकलं, मग शिंकलं, आणि नळीतून लालपिवळा ढग बाहेर आला. कमलीबाईचं तिखट कुठल्याशा सांदीत राहून गेलं होतं. पाटील शिंकला, पाटलीण शिंकली, गोठ्यातली म्हैस शिंकली. ते गाव संध्याकाळपर्यंत शिंकत होतं असं दोधू सांगे, आणि कोंबड्या तेव्हा ज्या उठल्या त्या पुन्हा मोटरीत बसल्या नाहीत. पण इंजिन लागलं. धडधडत, लंगडत, बिघडलेल्या तालात, पण लागलं.

तो आवाज ऐकून सासू धनुबाई घरातून आली. दोधू तिला मामी म्हणे. ती गोठ्याच्या दारात थांबली, हातांतलं शेण तसंच होतं. तिने मोटरीकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या जागेकडे. तिथे दोधू होता. ती परत फिरली. हा आवाज या म्हातारीच्या कानांवर कसा पडेल, याचा दोधूने एवढ्या दिवसांत एकदाही विचार केला नव्हता.

थोड्या वेळाने ती आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. कडेवर नवी मातीची घागर, हातात गाठोडं.

“मामी, तुमी कोठे?”

“मोटर मुऱ्हाई ऱ्हास नही, जावाईबापू. मानूस ऱ्हास. मी येस.”

म्हातारी आई मुऱ्हाळी होऊन निघाली, असं ना त्या गावात कधी झालं होतं ना दुसऱ्या कुठल्या. गावातल्या दोघी बाया तसं म्हणाल्याही. धनुबाईने मागच्या गादीवरची कोंबड्यांची पिसं झटकली, घागर मांडीवर घेतली आणि म्हणाली, “चालाडा.”

शहादा मागे पडलं. ऊन चढत होतं. दोधूच्या हातांत चाक थरथरत होतं आणि त्याला वाटत होतं, नवल असता तर म्हणाला असता, दाजी, जरा हळू. मैल गेले तसा नाकाला एक वास यायला लागला. गोड, जळका.

“जावाईबापू,” मागून धनुबाई म्हणाली, “कोठे बांगड्या करी ऱ्हायनात का?”

“नही मामी. इंजिन तपस तं असाच वास येस.”

“लाखना येस?”

दोधूने वेग वाढवला.

प्रकाशाला तापी वैशाखात अंग चोरून वाहते. पाण्याची धार गुडघ्याला लागेल एवढी, बाकी सगळी वाळू. त्या दिवशी पात्रात मुऱ्हाळ्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, झुली घातलेले बैल, रंगवलेली शिंगं. मोटर वाळूत शिरली. इंजिनाने जोर काढला, आत काहीतरी जोराने ठोकलं, मग नुसतं घरघरलं, आणि धारेच्या अलीकडे सगळं थांबलं. पात्रात एकदम इतकी शांतता झाली, की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला.

दोधू मोटरीखाली शिरला. तेलाचं झाकण उघडलं तर तेल येईना. काळ्या-तांबड्या तारा लोंबायला लागल्या, कासाराच्या भट्टीपुढे लोंबतात तशा. उताणं पडून त्याने आत बोट घातलं. रूपचंदच्या पिस्टनचा तळ अर्धा वितळून गेला होता. ती खिपली नव्हती, लाख होती. तेल कमी मावावं म्हणून त्या मापाला आतून लाखेचा तळ दिलेला होता, आणि रूपचंदच्या काट्याने ते वजन जुळवून दाखवलं होतं. लाख तेलात गेली, तेलाच्या वाटा बुजल्या, आणि सोनाराच्या मुशीत ओतलेली बेअरिंगं लोण्यासारखी पातळ झाली. आता ते इंजिन कुणाच्याही हातून लागणार नव्हतं. सगळ्या खानदेशाने जपून ठेवलेले तुकडे विसरवाडीच्या एका वाण्याने बसल्या जागी मोडले, असं दोधू त्या क्षणी मनात म्हणाला. पण वाण्याने तरी काय केलं होतं. माप दिलं होतं. ते माप पिस्टन म्हणून डोळे झाकून आपणच बसवलं.

तो बाहेर आला तेव्हा धनुबाई धारेत उभी राहून घागर भरून घेत होती. रेडिएटरमधून वाफ येत होती, म्हणून दोधूने घागरीकडे हात केला.

“हात नका लावा. ती मोटरना करता नही.”

तो वाळूत बसून राहिला. ऊन उतरलं. गाड्या जात राहिल्या. एकाने झूल सावरत विचारलं, “दाजी, मोटर काय खास? कडबा का सरकी?” दुसऱ्याने वैरणीची पेंढी इंजिनापुढे टाकली. शेवटी एक गाडी थांबली. चुडामण नावाचा शेतकरी होता, नंदुरबारला बहिणीकडे निघालेला.

“मन्हा बैल मोटरले देखीसन बिचकतस,” तो म्हणाला. “पन मरेल मोटरले बिचकत नहीत. दोर शे का?”

दोधूला वाटलं होतं, म्हातारी आता गाडीत बसेल. धनुबाई मोटरीतून उतरली नाही. ती म्हणाली, मोटरीत निघाले, मोटरीतच जाईन. मग चुडामणची गाडी पुढे, मोटर मागे, चाकाशी दोधू, आणि मागच्या गादीवर भरली घागर धरून ताठ बसलेली धनुबाई. रात्री एका निंबाखाली बैल सोडले तेव्हाही तिने घागर खाली ठेवली नाही.

सकाळी आखाजीच्या दिवशी ती वरात नंदुरबारच्या गल्लीत शिरली. झोक्यांवरच्या पोरी गाणं मध्येच सोडून उभ्या राहिल्या. मुऱ्हाळी मोटरीत बसून आला आणि मोटर बैलांना बांधून आली, हे गल्लीने त्याआधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी हसलं आणि मागे बसलेली म्हातारी दिसताच थांबलं.

दोधूने हॉर्न वाजवला नाही. हॉर्न कुठल्याच बाजारात सापडला नव्हता; तो नवलबरोबरच कुठे तरी गेला होता. पण दार उघडलं. जमनाबाई उंबऱ्यात आली, आणि तिच्या हातांना पीठ नव्हतं.

“व माय,” ती म्हणाली. “उतर ना. घरमा चाल.”

“आंडेरना, लेकना घरनं पानी मी पेत नही. ऊनमा माले तहान लागी जाई.”

“मंग?”

धनुबाईने गादीवर आपल्या शेजारी हात थापटला. “हाई मोटर मन्हा गावनी शे. मी मन्हा गावमाच बठेल शे. तू ये.”

जमनाबाई आत गेली. दोधूला वाटलं, आता नेहमीसारखं दार लोटलं जाईल. पण ती परत आली तेव्हा नवं लुगडं नेसलेली होती, हातात बोचकं होतं, आणि तिने मागे वळून कडी लावली. लांब गावाला जाणारी बाई लावते तशी, दोनदा ओढून पाहून. मग नवऱ्याला म्हणाली, “भाकर टोपलीमा शे. कालनी भाजी शिंकावर शे. मी निंघनू, मी माहेरले जाई ऱ्हायनू.” आणि दारापासून पाच पावलांवर उभ्या असलेल्या त्या बंद मोटरीत ती चढली. आईने गाठोडं सोडलं. त्यात सांजोऱ्या होत्या, डांगर म्हणजे खरबूज होतं. जमनाबाईने सांजोरी मोडली आणि चव घेऊन म्हणाली, “गूळ कमी पडना माय.” म्हातारी म्हणाली, “तुले कवय पुरना?”

गल्ली हळूहळू आपापल्या कामाला लागली. ऊन माथ्यावर यायच्या आत आखाजीची घागर भरायची असते. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी त्याच्या नावाने मातीची घागर मांडतात, तोंडावर डांगर ठेवतात, नाव घेऊन पाणी सोडतात. धनुबाई दरवर्षी नवऱ्याच्या नावाची मांडत असे. नवलच्या नावाची तिने कधी मांडली नव्हती. मांडली की तो येणार नाही हे ठरून जातं. जमनाबाईला ती न मांडलेली घागर पाहायला माहेरी जायचं नव्हतं. मुऱ्हाळी नाही हे म्हणायला सोपं होतं, एवढंच.

धनुबाई मागच्या गादीवरून पुढे वाकली. तापीच्या पाण्याने भरलेली घागर तिने ड्रायव्हरच्या जागेवर ठेवली. कलंडू नये म्हणून गाठोड्याचं फडकं वळून खाली दिलं. वर डांगर ठेवलं. मग ओंजळीतलं पाणी हळूच सोडलं आणि म्हणाली, “नवल.”

जमनाबाईनेही ओंजळ पुढे केली.

चुडामणला बहिणीकडे उशीर होत होता, पण तो बैलांच्या वेसणी धरून तसाच उभा राहिला. दोधू पायरीवर एक पाय ठेवून चाकाशी बसायला निघाला होता. त्याने तो पाय खाली घेतला. पुढचं हँडल सोडवून भिंतीला टेकवून ठेवलं, बादली उचलली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.